नोव्हेंबरपर्यंत

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
माझं ऑफिस म्हणजे माडीवर एक टेबल, दोन पडदे,
आणि खालून दिवसभर लेथचा आवाज.
त्या आवाजात सकाळी दहापासून
मी एकच वाक्य लिहिते आहे:
हे फंक्शन पुढच्या नोव्हेंबरात काढलं जाईल.

फंक्शन माझंच.
नऊ वर्षांपूर्वी अंगात ताप असताना एका रात्रीत लिहिलेलं.
तीन पॅरामीटर,
त्यातला तिसरा कशासाठी, ते मलाही आता सांगता येत नाही.
तेव्हा सेकंदाला दहा लाख पॅकेटं म्हणजे खूप वाटायची.
आता दहा कोटी येतात,
आणि दर पॅकेटामागं त्या तिसऱ्याची
एक फुकटची चौकशी,
गेटवरच्या वॉचमननं रोज त्याच माणसाला
नाव-गाव विचारावं तशी.

शिवाय ती चौसष्ट बाईटांची ओळ.
तिच्यातला एक रकाना मी चुकीच्या जागी बसवलाय.
तो हलवला की मागचे सगळे सरकतात
आणि कुणाचा तरी जुना, बिनबोभाट चाललेला प्रोग्राम
पत्ता तोच समजून
भलत्याच घरात शिरतो.

म्हणून नियम: आधी सांगायचं.
तिघांनी हो म्हणायला हवं.
मग एक आवृत्ती नुसता इशारा,
कंपाइल करताना येणारी ती पिवळी ओळ
जी कुणी वाचायची नाही असं आपल्यात ठरलेलंच असतं.
मग काढायचं.

पहिला हो ग्दान्स्कहून, अर्ध्या तासात.
दुसरा बेळगावच्या रेश्मा देसूरकरचा.
खाली तिनं लिहिलं: सुटलो!
तिसऱ्याची वाट बघून बघून मी जिना उतरले.

बापू मगदूमांच्या दुकानात
भिंतभर सागवानी पॅटर्न. पुली, हेड, फ्लायव्हील,
लाल रंग, वर खडूनं नंबर.
"ह्या इंजिनाची कंपनी कधी बंद पडली, बापू?"
"झाली की एकवीस वर्सं."
"मग हे ठेवलंय कशाला?"
"कंपनी बंद पडली. इंजान कुठं बंद पडलंय?"
रंधा फुंकून ते म्हणाले,
"गेल्या साली चार पॅटर्न बंबात घातलं.
त्येच्या आदी दोन दिवाळ्या पाटी लावलीवती दारात.
ज्येनी वाचायची त्येनी वाचली.
तिसऱ्या दिवाळीला एकजण आला."
"मग?"
"मग काय. नवा केला. निम्मं पैसं मी घातलं."

वर आले तर उत्तर येऊन पडलेलं.
हो नव्हतं ते.
नाव कधी न पाहिलेलं. लिहिलं होतं:
आम्ही वापरतो. एकाच ठिकाणी,
एका दवाखान्यातल्या मशीनवर.
सहा वर्षांत ते रीस्टार्ट केलेलं नाही,
कारण केलं तर परत उठेल का
हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी सोडून गेला.
आणि हो, तो तिसरा पॅरामीटर आम्हाला लागतो.

लागतो.
आधी हसू आलं, मग कानशिलं तापली.
ज्याला नऊ वर्षं मी माझी चूक म्हणत आले
त्याच्यावर कुणीतरी, कुठंतरी, विसंबून होतं.

तरी काढणारच आहे.
तसं त्याला कळवलंही, गोड न बोलता.
फक्त नोव्हेंबर खोडून त्याच्या पुढचा नोव्हेंबर लिहिला.
जुन्या नावाचं एक पातळ फंक्शन राहू दिलं
जे आतून नव्यालाच हाक मारतं,
आणि त्याच्या बाजूच्या बदलाच्या सतरा ओळी
मीच लिहून सोबत जोडल्या.
निम्मं मी घातलं.

तिसरा हो अजून आलेला नाही.
लेथ थांबलाय.
खाली बापू, शटर अर्धं ओढून,
खडूनं पाटीवर काहीतरी लिहितायत.
माडीवरून वाचता येत नाही.