चकवा

बरोबर उत्तर काय, कुणीही लिहील.
खरा घाम गाळायचा तो उरलेल्या तिघांसाठी.
तीन चकवे, असे की
अर्धवट वाचणाऱ्या पोराला
रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतील
आणि पुरतं वाचणारा
शीळ घालत घरी जाईल.

बावीस वर्षं मी चकवे घडवतोय,
कान्सूतल्या एका तालुक्याच्या दोन नंबर शाळेत,
तिसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकी लावली तरी एप्रिलची वाळू
चहाच्या झाकणावर येऊन बसते.

तिसरी सराव परीक्षा, इंग्रजी, उतारा तिसरा:
कुठल्याशा परदेशी नदीवरचा म्हातारा नावाडी.
पूल झाला. तरी हा रोज पहाटे
नाव पाण्यात लोटतो, पलीकडे जातो,
रिकामाच परत येतो.
प्रश्न एकतीस: का?
अ. पुलावर त्याचा विश्वास नाही.
ब. जुनी सवय सुटत नाही.
क. कुणाची तरी वाट पाहतोय.
ड. व्यायाम होतो.

उत्तर ब. मीच ठरवलेलं.
यंत्राने चार हजार उत्तरपत्रिका
पत्ते पिसावेत तशा फरफर वाचल्या
आणि कौल दिला: क उत्तम चालला,
शंभरातले सदतीस तिकडे वळले.
जिल्ह्याच्या बैठकीत माझं नाव निघालं.
कुणीतरी सिगारेट पुढे केली.

मग वर्गात पेपर सोडवून दाखवताना
बाकांमधून फिरत होतो,
तर कोउ श्वेछिनच्या कागदाच्या कडेला
पेन्सिलीने, बारीक, जवळजवळ पुसट:
बोट ड्राय, बोट डाय.

हसू आलं मला. क्रियापद कुठे गेलं?
आणि नाव काय मरते?
ती उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल.
म्हणाली, आणि तेही आमच्या नदीकाठच्या बोलीत,
आजोबांचा तराफा आहे, सर.
चौदा मेंढ्यांच्या फुगवलेल्या कातड्यांचा.
पूल होऊन अकरा वर्षं झाली,
तरी तो पाण्यात घालावाच लागतो.
कोरडं पडलं की कातडं तडकतं.
म्हणून.

मग गोल कुठला काळा केलास?
क.
का?
बाकीचे त्याहून खोटे होते.

मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं.
मी म्हटलं, बस. प्रश्न बत्तीस.

रात्री मूळ लेख काढला,
जुन्या परदेशी मासिकाचं एक पिवळं पान.
तीनशे शब्दांत बसवायचा म्हणून
मी तांबड्या शाईने भादरला होता.
आणि तिथे, माझ्याच रेघेखाली, नावाडी बोलत होता:
लाकडाला पाणी दाखवलं नाही
तर सांधे उघडतात, साहेब.

सांधा हा शब्द अभ्यासक्रमाच्या यादीत नव्हता.
म्हणून ओळ गेली.
ओळ गेल्यावर म्हाताऱ्याला
सवयीशिवाय काही उरलंच नाही.

मी खोडलेली ओळ त्या पोरीने वाचली.
याला वाचन म्हणायचं का?
माझ्याकडे काठिण्याचे आकडे आहेत, चाळण्या आहेत,
रंगीत आलेख आहेत.
याच्यासाठी रकाना नाही.

गुण अडीच. दिले नाहीत.
यंत्र फक्त पेन्सिलीचा काळेपणा ओळखतं,
समास ओळखत नाही,
आणि पोरीला जूनमध्ये
माझ्यासमोर नाही, यंत्रासमोर बसायचंय.
दुसऱ्या दिवशी तिला जिन्यात गाठून सांगितलं:
परीक्षेत नदीचा विचार करू नकोस.
कात्री ज्याच्या हातात आहे
त्याचा कर.

तिने मान हलवली.
वही उघडून, भिंतीला टेकवून,
माझं वाक्य लिहून घेतलं, इंग्रजीत,
क्रियापदासकट, एकही चूक नाही.

तेवढ्यात घंटा झाली.

तिच्या गावच्या बसची चौकशी करून ठेवली आहे.
रविवारी सकाळी सात चाळीसची. दीड तास लागतो.
तिकीटवाली म्हणाली, आता बरं आहे,
पुलावरून जाते.