सोमवारी बंद

फाटकाची किल्ली माझ्याजवळ असते, झाडूबी.
पुरातत्त्ववाल्यांची निळी पाटी सांगते:
रावबहादूर धनोकार, लोकल बोर्डाचे चेअरमन.
उन्हाळाभर ते या मळ्यातल्या बंगल्यात राहत.
याच मेजावर अठराशे ब्याण्णवचं भाषण लिहिलं,
रयतेच्या हक्कांवर,
एकवीस पानं.

पोरं खुर्चीवर बसून पाहतात, मास्तर वरडतात.
कोणी विचारते, बाई, दौतीतली शाई खरी का?
खरी तं आहे,
दर दिवाळीले मीच टाकते.

भिंतीत, छताच्या जरा खाली, एक भोक आहे.
पाटीवर ते नाही.
तिथून पंख्याची दोरी बाहेर ओसरीवर उतरायची,
अन् दोरीच्या टोकाला,
पायाच्या अंगठ्याला गाठ मारून,
लच्छू कुमरे. माझ्या आज्याचा बाप.
वैशाखातली एकवीसच्या एकवीस पानं
त्यानं झळांत बसून ओढली.

भोकाची खालची कड झिजली आहे,
बैलाच्या मानेवरच्या घट्ट्यासारखी गुळगुळीत.
स्टुलावर चढलं की बोट पुरते.

गेल्या साली रंगारी आला.
म्हणे, हे सिमेंटनं बुजवून टाकतो.
मी त्याले चहा पाजला,
म्हटलं, सोमवारी ये.