वाळे

चोवीस कोंबड्या.
बारांच्या पायात निळे वाळे, बारांच्या पायात लाल.
निळ्यांच्या पाण्यात मी पूड कालवते,
आंबट वासाची, ओल्या बोटाला चिकटणारी.
लाल वाळ्यांना नुसतं पाणी.
बोअरिंग एकच, मक्याचा भरडा एकच,
आणि उकरायला माती तीच,
काळ्या ढिगाच्या उताराला लागून असलेली.

खाण बंद पडली तेव्हा मी आईच्या पाठीवर होते,
चितेंगेत घट्ट बांधलेली.
ढीग तेवढा राहिला.
ऑक्टोबरात जॅकरांडा फुलतो
आणि जांभळ्या सड्यावर दुपारपर्यंत
करडी साय धरते.

डॉक्टर सियामे दर गुरुवारी लुसाकाहून येतात.
पंख उलगडून शीर शोधतात,
मी कोंबडीचे डोळे झाकून धरते.
'न्चिमुन्या, वहीत खाडाखोड नको.'
वही त्यांची, अक्षर माझं,
शिसपेन्सिल माझ्या लुबुतोची, बोटभर उरलेली.
'हिच्यात शिसं नसतं बरं का,' एकदा हसून म्हणाले,
'नुसतं नावाला.'
आमच्याकडे उलट आहे, डॉक्टर.
इथे नाव कुणी काढत नाही.

मी विचारलं, ही पूड काय करते?
ओढून काढते का, चुंबकासारखी?
नाही म्हणाले. आतली पडझड थोडी सावरत असेल,
थोडं बाहेर जात असेल.
असेल, असेल.
तेच तर बघायचंय.

आठव्या आठवड्यात निळ्यांचा आकडा उतरला.
फार नाही.
जिना उतरताना माणूस मध्येच थांबतो, तेवढा.
डॉक्टरांनी तरी दोनदा चष्मा पुसला.

मग लालमधली सतरा नंबर.
'हिचा कसा उतरला?'
आकड्याभोवती गोल काढला, माझ्याकडे पाहिलं.
मी खुराड्याची कडी घालत होते.
बराच वेळ घालत होते.

ती लंगडत यायची सकाळी.
सगळ्यांच्या मागून, भांड्यापाशी पोचेपर्यंत उशीर.
माझ्या बोटाला पूड असायची.
ती चोच लावायची, मी हात मागे घेत नव्हते.
एवढंच.
रोज, एवढंच.

शेवटच्या गुरुवारी चोवीसही कापल्या.
यकृताचं वजन जिवंतपणी होत नाही.
निळे वाळे, लाल वाळे एकाच बादलीत धुतले,
पुढच्या खेपेच्या पिलांसाठी.
मांस खायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
आणि खड्डा स्वतः खणला, कोट काढून.
शेजारची नामाकाऊ कुंपणापाशी उभी होती.
चोवीस कोंबड्या मातीत घालतात
आणि आमची पोरं त्याच मातीत खेळतात,
हे कोणत्या वहीत लिहितात, तिने विचारलं.
खड्डा अजून अर्धाच झाला होता.

दवाखान्यात लुबुतोचंही रक्त घेतलंय, गेल्या पावसाळ्याआधी.
त्याचा आकडा कागदावर आहे,
कागद पिठाच्या डब्याखाली.
त्याच्या पायात वाळा नाही,
निळा नाही, लाल नाही.
तो कुठल्या बाराव्या, कुठल्या सतराव्या
ओळीत बसत नाही.

उरलेली पूड मोजून परत द्यायची असते.
डॉक्टरांनी डबा तराजूवर ठेवला,
उचलला, पुन्हा ठेवला.
वजन सतरा नंबरच्या चोचीत मावेल
त्याहून बरंच कमी होतं.

तेवढ्यात लुबुतो शाळेतून आला.
ओठ आंबल्यासारखे मुडपलेले, ती त्याची सवयच झालीय.
डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं,
त्याच्या नखांकडे पाहिलं.
मग हात पुढे केला: पेन्सिल द्या.
आणि वहीत, माझ्या अक्षराखाली,
त्यांनी एकच शब्द लिहिला:
सांडली.

पेन्सिल लुबुतोला परत दिली.
त्याने सवयीने टोक जिभेवर ओलं केलं.
आम्ही दोघंही एकदम ओरडलो.