चार पिना, त्यातल्या दोन मुक्या

बेसारिओननं आधीच बजावलं : भिंतीला ड्रिल लावायचं नाही.
हा वॉलपेपर त्यानं ब्याऐंशी साली स्वतः चिकटवला,
पट्ट्यांवरची पानं जुळवताना
लग्न मोडता मोडता राहिलं होतं म्हणे.
"फोनच जोड. सॉकेट आहे की तिथं."

आहे खरं. पिवळं पडलेलं, सोव्हिएत,
चार फटी, आणि मधोमध एक भोक
प्लास्टिकच्या खुंटीसाठी,
घाईत कुणी उलटं खुपसू नये म्हणून.
खुब्याचं हाड मोडून पडलेल्या माणसाच्या
हाताला येईल एवढंच उंच.

जिन्यातल्या पत्र्याच्या डब्यात
मी त्याच्या मेलेल्या लाइनीची जोडी हुडकली,
दोन मजले खाली माझ्या स्वयंपाकघरात आणली.
घंटीचं सर्किट ओट्यावर गुरगुरायला लागलं,
मांजर दोन दिवस जेवलं नाही.
आणि सगळं अडलं एका प्लगपाशी.

एलियावा बाजारात पोरगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "चार्जर?"
चित्र दाखवलं. त्यानं ते बोटांनी मोठं केलं,
पुन्हा लहान केलं,
मग बापाला हाक मारली. बापानं काकाला.
काका म्हणाला, "हे? हे तर आमच्या घरी होतं!"
आणि तिघेही इतके खूश झाले
की मी रिकाम्या हातानं निघाले
तेव्हा थँक्यू तेच म्हणाले.

प्रिंटरवर एक छापून पाहिला.
पितळेची पट्टी कापून पिना केल्या, कानशीनं घासल्या.
सोल्डरिंगच्या धगीनं प्लास्टिक ढिलं पडलं,
चारही पिना चार दिशांना,
दारूच्या मैफलीनंतरचे पाहुणे.

शनिवारी कोरड्या पुलावर वाझा.
चादरीवर पदकं, सुऱ्या, कॅमेऱ्यांची भिंगं,
आणि बुटाच्या खोक्यात सॉकेटंच सॉकेटं.
"मादी हवी तेवढी घे, ताई. नर नाही."
असं कसं?
"नव्वदच्या दशकात लोक गेले ना,
कुणी मॉस्कोला, कुणी ग्रीसला भांडी घासायला,
फोन उपटून विकला, पाव घेतला.
तार तांब्याच्या भावात गेली, प्लगसकट.
भिंत कोण विकत घेणार?
ती मागे राहिली, तोंड उघडं टाकून."

मी खोकं उगाच चाळत बसले.
कुणाच्या तरी रंगाचे थेंब होते एकावर, हिरवे.
एकावर पेन्सिलनं लिहिलेला नंबर, पाच आकडी.

वाझा उठला. गाडीच्या डिकीत शिरला, अर्धा.
बाहेर आला तो एक काळा फोन घेऊन,
डायल फुटलेली, रिसीव्हर नाहीच,
पण शेपटाच्या टोकाला तो.
"चाळीस लारी."
फक्त प्लग दे.
"शेपटासाठी बैल कापू?"
पंचवीसवर तुटलं. शिवाय एक सॉकेट
माझ्या खिशात त्यानं स्वतःहून कोंबलं,
"जोडीनं राहू दे."

घरी पेचकसानं उघडला.
चार पिना, पण तारा दोघींनाच.
बाकीच्या दोन नुसत्या उभ्या,
कधी कुणी न जोडलेल्या, आणि त्याच जास्त चकचकीत.
त्यांना मी हात लावला नाही.

बेसारिओनच्या भिंतीत तो बसला तेव्हा
एक जुना, जाड खटका आला.
म्हातारा काहीच बोलला नाही. वॉलपेपर तेवढा तपासला.

रात्री तीनला ओटा थरथरला.
अनवाणी धावले, मनात नको ते सगळं.
"गिस्मेंत," म्हटलं. ऐकतेय.
फोन उचलला की आम्ही एवढंच म्हणतो.

"काही नाही," तो म्हणाला.
"लाइन चालू आहे का, बघत होतो."
मग श्वास, थोडी खरखर.
"घंटी जरा हळू कर तुझ्याकडची.
इथपर्यंत ऐकू येते."