रिकामी जागा

इरप्पा हत्तुरे गाणी रचायचा
चादरींच्या लेबलांमागे,
'रंग पक्का'च्या पाठीवर.
मागाच्या खटखटीत सूर लागेना,
तेव्हा त्यानं खटखटच ताल म्हणून धरली.

पहिली कॅसेट गड्ड्यावर वाजली,
आकाशपाळण्याशेजारी, तीन रात्री.
बँडवाल्यांनी उचलली, अक्कलकोटपर्यंत नेली.
कुणाचं गाणं, ते कुणी विचारलं नाही.

मग पुण्याहून एक साहेब आले.
आवाज छान आहे म्हणाले, फक्त
ते 'बे', तो कानडी हेल,
तेवढं काढा.
इरप्पानं त्यांना कडक भाकरी खाऊ घातली,
स्टँडवर सोडून आला,
आणि रात्री पुढचं गाणं बांधलं,
ओळीओळीला 'बे'.

त्याच्या चौदा टेपा
माझ्या दुकानात आहेत, शेंगाचटणीच्या डब्यात.
काल नात आली त्याची, फोनमध्ये भरून घ्यायला.
एका गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी
बायकोची हाक येते: 'धागा तुटला बघा!'
माग थांबतो.
गाणंही.

पोरगी म्हणाली, काका,
इथं नुसतं रिकामं आहे. कापू?

म्हटलं, थांब जरा.
गाठ मारतोय तो.