खांदेपालट

कॉर्नेल, आज पुन्हा न झोपता आलायस.
एकतीस वर्षं मी या वूच शहरात ट्राम चालवली;
समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे
मला काचेतूनच कळायचे.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आज आपण एकोणीसच.
मागच्या महिन्यात चौक पुरला नव्हता.
तू मोजतोस, आणि प्रत्येक रिकाम्या जागेचा हिशेब
स्वतःच्या नावावर मांडतोस.
वाऱ्याने मेणबत्ती विझली
तरी चोरासारखा बघतोस.

रात्री तीनला तुझ्या खिडकीत उजेड असतो, निळा.
मला कसं माहीत?
मीही जागीच असते रे,
नव्या कायद्याचं एकेक कलम वाचत,
जणू मी डोळे मिटले
की तेवढ्यात सही होऊन जाईल.
झाली ना सही.
मी टक्क जागी असताना झाली.

डेपोत एक नियम होता:
आठ तासांनंतर हँडल हातात धरणं
हे शौर्य नव्हे,
गुन्हा.
बर्फ पडो, लोक दारांना लोंबकळोत,
गिरणीच्या वळणावर ब्रोन्या थर्मास घेऊन उभी असायची.
ती चढायची, मी उतरायची.
आत कोणी पेपरातून मान वर करायचं नाही.

खरं सांगू, तेव्हा नियम पाळला, समजला नव्हता.
आमच्या संपात मी अकरा दिवस फाटकाशी होते.
नवव्या दिवशी हाल्श्काला पाळणाघरातून आणायचं
विसरले.
राखणदारीण तिला काळोखात घेऊन बसली,
बीटचं सूप भरवत.
हाल्श्का आता पन्नाशीला आली. बीट खात नाही.
संप आम्ही जिंकलो.
दोन्ही गोष्टी
एकाच पानावर लिहाव्या लागतात.

बातम्यांत मंत्र्यांचा खांदेपालट चाललाय.
चालू दे. शब्द त्यांचा नाहीच,
ओझं वाहणाऱ्यांचा आहे.
आजपासून आपण वापरू.
उद्याची संध्याकाळ माझी.
परवा त्या दाताच्या डॉक्टरीणबाई येतील;
त्यांना घोषणा जमत नाहीत,
उभं राहणं जमतं.
तू घरी जा. फोन पिठाच्या डब्यात टाक.
वडिलांच्या कबुतरखान्याची जाळी फाटलीय म्हणत होतास,
ती शिव.

'आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं तर?'

होईल. बहुतेक त्याच दिवशी होईल.
मी उतरून घरी गेले आणि एकदा
गाडी रुळांवरून घसरली, ब्रोन्याच्या हातात.
तिने सावरली. मला पहाटे कळलं.
तिचे हात तेव्हाही थरथरत होते,
कपातला चहा बशीत सांडत होता.
पहिली गाडी कोणीतरी काढायलाच हवी होती,
आणि अख्ख्या डेपोत
झोप झालेली
एक मीच होते.

आण ती मेणबत्ती इकडे,
मेण बोटांवर सांडतंय तुझ्या.
शुक्रवारी ये, पावणेसहाला.
जेवून ये.