बारा विहिरी, अकरा जोड्या

रजिस्टर गजभिये सरांचं. कापडी पुठ्ठा, निळी शाई,
एकवीस मे अठ्ठ्याण्णव, गुरुवार, पारा सेहेचाळीस.
नागपुरातल्या बारा विहिरी, आणि प्रत्येकीपुढे
काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, फुटांत.
तळाशी एक ओळ: दोर नवा आहे.

तो दोर भूगोलाच्या कपाटात सापडला,
टोकाला पितळी वजन, फुटाफुटावर लाल दोऱ्याची गाठ.
पोलादी टेपशी लावून पाहिला.
पन्नास फुटांत पाच इंच वाढलेला.
सव्वीस वर्षांत मोजणाराच ताणला गेला होता.
परत ठेवला. टेप घेतली.

मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते.
मे महिन्यात तासिका नसतात, म्हणजे पगारही नसतो,
म्हणजे वेळ असतो.

पोरांना सांगते तोच नियम:
पाचपावलीची विहीर मानेवाड्याशी ताडायची नाही.
एक उथळ, एक खोल, एकीला मुरूम, एकीला काळा पाषाण.
प्रत्येकीनं फक्त आपल्याच जुन्या आकड्याशी बोलायचं.
आणि सुरुवातीला मानून चालायचं
की काहीच बदललेलं नाही.
हे फळ्यावर लिहिताना दरवेळी बाबा आठवतात,
मेडिकलमधून रिपोर्ट घेऊन आले की चप्पल काढता काढता म्हणायचे,
काही नाही, जसंच्या तसं.

तोंडाला दुपट्टा, डिक्कीत कांदा आणि टेप.
टेका नाक्याला नऊ फूट खाली.
दिघोरीला अकरा; भोवती चार बोअर, चारही चालू.
हंसापुरीत शून्य. पुन्हा मोजलं. शून्यच.
बिनाकीत पाणी चक्क तीन फूट वर!
मी खूश होऊन वाकले, आणि वास आला.
कुसुमबाई हेडाऊ ओट्यावरूनच म्हणाल्या,
"हाव, वर आलं ना. गटर फुटलं तवापासून येऊनच राह्यलं."
उणे तीन, लिहून घेतलं.
चाचणीला नाक नसतं.

शांतीनगरात एक म्हातारबुवा म्हणाले,
"काहून मोजता, बाप्पा? मले विचारा ना.
पहिले बारा हात दोर लागे, आता पंधरा लागते."
तीन हात म्हणजे साडेचार फूट. टेप पाच म्हणत होती.
अर्ध्या फुटाचा वाद आम्ही चहावर मिटवला.

बारावी, तुळशीबागेतली, सापडेना.
गल्ली तीच, वळण तेच, कडुनिंबही तोच.
चौकीदारानं पार्किंगमधली एक फरशी दाखवली,
बाकीच्यांपेक्षा जराशी नवी, वर कुणाची तरी पांढरी गाडी.
"इथंच होती म्हणते सारे."
रजिस्टरात तिचे एकवीस फूट तीन इंच,
समोर वजा करायला काही नाही.
जोडी तुटली की नोंद गाळायची, असा नियम आहे.
सगळ्यांत जास्त बदललेली विहीर
हिशेबात बसतच नाही.

उरल्या अकरा. रात्री गच्चीवर,
कूलरच्या घरघरीत, कॅल्क्युलेटर मांडीवर.
सरासरी फरक: चार फूट एक इंच, खाली.
तक्ता म्हणतो, दोन पूर्णांक तेवीसच्या पुढे गेलात
तर योगायोग म्हणू नका.
माझं उत्तर तीन पूर्णांक बत्तीस.

का, ते हे उत्तर सांगत नाही.
सिमेंटचे रस्ते, बोअर, की पावसाचंच काही,
आकडा एवढंच म्हणतो:
जसंच्या तसं नाही.
बाबांच्या रिपोर्टवरही असाच एक आकडा होता,
कंसाच्या बाहेरचा. आम्ही तो फार उशिरा वाचला.

नवीन पान. तारीख, वार, पारा पंचेचाळीस.
बारावं नाव लिहिलं, पुढची जागा कोरी ठेवली.
मग सरांसारखीच, तळाशी,
जो कोणी पुढे हे उघडेल त्याच्यासाठी:
टेप नवी आहे. तपासून घ्या.